चंदी, वैरण आणि जठरव्रण

(नळदुर्ग येथील स्मृति-व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



नळदुर्गात उभे राहून घोड्याविषयी बोलायचे तर त्यासाठी वेगळे निमित्त शोधण्याची आवश्यकता नाही. बोरी नदीचा प्रवाह बंधाऱ्याने अडवून त्या बंधाऱ्याच्या पोटातच पाणीमहाल रचण्याची अद्भुत कल्पना ज्या दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या कारकीर्दीत साकार झाली, त्याच्या आधी आणि नंतरही ज्या किल्ल्याच्या आश्रयाने बहमनी, आदिलशाही, मोगल आणि निजामी अशी एकामागून एक लष्करे नांदली, आणि १८५३ साली हा मुलूख इंग्रजांच्या ताब्यात गेल्यावर जेथून मेडोज टेलर या अंमलदाराने जिल्ह्याचा कारभार हाकला, त्या किल्ल्याचे एक दिवसाचेही व्यवहार पागेवाचून चालले नसते. तोफा, तटबंदी आणि बुरूज यांची वर्णने आपल्या इतिहासग्रंथांत विपुल आहेत. परंतु तटाच्या आत बांधलेल्या जनावरांनी रोज काय खाल्ले, कोणी घातले आणि ते कोठून आणले, याचा विचार त्या मानाने थोडा झाला. या गावाचे आराध्य दैवत जो खंडोबा, तोही अश्वारूढ. वर्षातील पावणेदोन महिने देव नळदुर्गात आणि उरलेले सव्वादहा महिने अणदुरात, हा येथील शिरस्ता आपणां सर्वांच्या परिचयाचा आहे, आणि पौषी पौर्णिमेच्या यात्रेला येणाऱ्या गर्दीत घोडा घेऊन येणारा भक्त आजही विरळा नाही. म्हणून घोड्याच्या जठरातील व्रण आणि ते शमविण्यासाठी त्याच्या खुराकात घालावयाची पूरके, हा विषय चालकांपुढे मी ठेवला तेव्हा त्यांनी तो आनंदाने मान्य केला याचे मला आश्चर्य वाटले नाही.

या विषयाला आज एक निकड आली आहे. लग्नाच्या वरातीत नाचणारा घोडा, माथेरानच्या तांबड्या वाटांवर प्रवाशांना वाहून नेणारे तट्टू, सारंगखेड्याच्या आणि माळेगावच्या बाजारातून मोठी किंमत मोजून आणलेले मारवाडी जनावर, आणि मुंबई-पुण्याच्या शर्यतीच्या मैदानावर धावणारा थरोब्रेड, या सर्वांच्या मालकांपुढे अलीकडे पोटाच्या जळजळीवरील डब्यांची, पुड्यांची आणि बाटल्यांची रांग लागली आहे. प्रत्येक डब्यावर आश्वासन आहे. प्रत्येक आश्वासनाला मात्र पुरावा आहे असे नाही. माझे म्हणणे थोडक्यात असे की, कोणते पूरक घ्यावे याचा निर्णय डब्यावरील मजकुरावरून न करता घोड्याच्या जठराच्या घडणीवरून करावा. आणि तो तसा केला तर बऱ्याच प्रसंगी मालकाला आपला पैसा बाटलीवर खर्च करण्याआधी गवताच्या गंजीवर खर्च करावा लागेल.

ती घडण अशी आहे. पाचशे किलो वजनाच्या घोड्याचे जठर आठ ते पंधरा लिटरांचे, म्हणजे त्याच्या देहाच्या मानाने फारच लहान असते. हा प्राणी थोडे थोडे आणि सतत खाण्यासाठी घडला आहे. मोकळ्या रानात सोडला तर दिवसरात्रीतील सोळा-सोळा तास तो चरतो. या सवयीला अनुसरून त्याचे जठर आम्ल अखंड स्रवत राहते. पुढ्यात गवत असो वा नसो, तो स्राव थांबत नाही. त्या आम्लाला आवर घालणारी लाळ मात्र केवळ चावतानाच सुटते, आणि लांब तंतूंचा चारा चावताना ती जितकी सुटते तितकी दळलेला किंवा भिजवलेला दाणा खाताना सुटत नाही. आता त्या जठराचा आतील पृष्ठभाग पाहा. खालचा भाग ग्रंथियुक्त आहे. आम्ल तोच स्रवतो आणि श्लेष्म्याच्या आवरणाने स्वतःचे रक्षणही करतो. वरचा सुमारे तिसरा हिस्सा अन्ननलिकेच्याच त्वचेसारखा आहे. त्याला असे आवरण नाही, आणि दोन्हींच्या मधल्या सीमारेषेवर, जेथे आम्लाची पातळी वारंवार येऊन भिडते, तेथे व्रण सर्वांत लवकर पडतात. जठर गवताने भरलेले असते तेव्हा तंतूंचा एक जाड थर आम्लावर तरंगत राहून त्याला वर उसळू देत नाही. ते रिकामे असताना घोडा दुडक्या वा भरधाव चालीने धावू लागला, म्हणजे पोटातील दाब वाढून जठर आवळले जाते आणि आम्ल त्या अरक्षित भागावर चढते. घोड्याला ओकारी येत नाही. वर चढलेले आम्ल बाहेर टाकण्याचा मार्गच निसर्गाने त्याला ठेवलेला नाही.

मंडळी, एवढी गोष्ट ध्यानात आली म्हणजे पुढचा निम्मा विचार आपोआप होतो. विसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील संशोधकांनी घोड्यांना एक दिवस खावयास देऊन आणि एक दिवस उपाशी ठेवून पाहिले, तेव्हा काही दिवसांतच त्यांच्या जठराच्या वरच्या भागात व्रण उमटले. विष घातले नव्हते, कोणताही जंतू सोडला नव्हता, केवळ उपवास पुरेसा ठरला. शर्यतीच्या तयारीत असलेल्या थरोब्रेड घोड्यांच्या पाहण्यांत दहांपैकी आठ आणि कधी त्याहूनही अधिक घोड्यांना असे व्रण आढळले आहेत. उलट, आपल्या भीमा-नीरेच्या खोऱ्यातील भीमथडी तट्टू, ज्याची स्वतंत्र जात म्हणून नोंद कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने आता कोठे केली, ते धनगरांच्या वाड्याबरोबर ओझे वाहत, वाटेतले गवत ओरबाडत हिंडते. त्याच्या दिनक्रमात या रोगाला वाव फार थोडा आहे. मराठ्यांच्या फौजा ज्या तट्टांवर दख्खन पालथा घालीत, त्यांच्या काटकपणाचे श्रेय आपण रक्ताला देतो. मला वाटते, त्यातील काही वाटा तोंडात सतत राहिलेल्या गवताच्या काडीलाही दिला पाहिजे.

त्या फौजांच्या संबंधात छत्रपती शिवाजी महाराजांच्या एका पत्राचा उल्लेख केल्यावाचून मला पुढे जाववत नाही. चिपळूणच्या परिसरात पावसाळ्यासाठी उतरलेल्या लष्कराच्या जुमलेदारांना आणि हवालदारांना लिहिलेले हे पत्र रयतेविषयीच्या कळवळ्यासाठी सर्वश्रुत आहे. पण त्याचा गाभा घोड्यांच्या रतिबाचा हिशेब हा आहे. दाणा आणि वैरण आता मनास येईल तशी उधळली तर ऐन पावसाळ्यात बेगमी संपेल, घोडी उपाशी मरतील, आणि त्या मरणाची जबाबदारी तुमच्यावर येईल, अशी स्पष्ट ताकीद त्यात आहे. दिव्याची वात उंदराने नेऊन गवताच्या गंजीला आग लागण्याचा धोकाही त्यात दाखविला आहे. राज्यकर्त्याने गवताच्या गंजीवर एवढी बारीक नजर ठेवावी, हे मला राजनीतीइतकेच अश्वशास्त्राचेही उत्तम उदाहरण वाटते. त्या काळी पागेचा कारभार पाहणाऱ्याला चंदी, म्हणजे दाणा, किती आणि वैरण किती याचा हिशेब दप्तरी ठेवावा लागे. आज वरातीचा घोडा बाळगणाऱ्या आपल्या बांधवापाशी हा हिशेब नसतो; तो त्याला कोणी शिकविलेलाही नसतो.

म्हणून तो हिशेब येथे मांडतो. वरातीचा साधारण घोडा साडेतीनशे किलोंचा धरू. शंभर किलो वजनामागे रोज किमान दीड किलो कोरडा चारा, हा आज सर्वमान्य झालेला दंडक आहे. त्या मानाने आपल्या घोड्याला सव्वापाच किलो शुष्कांश, म्हणजे सुमारे सहा किलो वाळलेले गवत लागेल, आणि हे किमान झाले. दाण्याच्या बाबतीत डेन्मार्कमध्ये झालेल्या एका महत्त्वाच्या पाहणीने असे दाखविले की, किलोमागे दिवसाला दोन ग्रॅमांहून अधिक पिष्ट पोटात गेले तर व्रणांचा संभव सुमारे दुपटीने वाढतो, आणि एका वेळच्या चंदीत किलोमागे एक ग्रॅमाची मर्यादाही ओलांडू नये. आपल्या घोड्याला ही मर्यादा एका वेळी साडेतीनशे ग्रॅम पिष्टाची पडते. एक किलो हरभऱ्यात सुमारे चारशे ग्रॅम पिष्ट असते, एक किलो जवात पाचशेहून अधिक, आणि एक किलो मक्यात साडेसहाशेहूनही जास्त. वरातीच्या दिवशी अंगात जोर यावा म्हणून दुपारी दोन किलो हरभऱ्याचा तोबरा चढवून घोड्याला संध्याकाळपर्यंत काहीही न देता बँडाच्या आवाजात उभे करणे, हा जो सर्रास चाललेला प्रकार, त्याने ही मर्यादा दुपटीने मोडते आणि मधले रिकामे तासही त्यात मिळतात. त्याच पाहणीत सहा तासांहून लांब अंतराने वैरण मिळणारे, केवळ धान्याच्या काडावर जगणारे आणि मोकळ्या कुरणात पाण्यावाचून राहणारे घोडे अधिक धोक्यात आढळले. आपल्या धाराशिव जिल्ह्यात काड म्हणजे ज्वारीचा कडबा. कडब्याने कित्येक दुष्काळ तारून नेले आहेत आणि बैलाला तो पुरतो. घोड्याची एकमेव वैरण म्हणून मात्र तो पुरेसा नाही. त्याच्या जोडीला माळावरचे मारवेल किंवा दुसरे चांगले वाळलेले गवत हवेच. कोवळी, पावसाने ताण दिलेली हिरवी ज्वारी तर घोड्याला कदापि घालू नये. तिच्यातील विष जठरव्रणाहून भयंकर.

आता पूरकांकडे वळतो, आणि ज्याचा पुरावा सर्वांत भक्कम त्याच्यापासूनच आरंभ करतो. ते कोणत्याही डब्यात मिळत नाही; ते लसूणघास होय. अमेरिकेत २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, ब्रोम गवत खाणाऱ्या घोड्यांच्या तुलनेत लसूणघास आणि दाणा खाणाऱ्या त्याच घोड्यांच्या जठरातील आम्लता कमी राहिली आणि व्रणही कमी आढळले. दाण्याचा भार असूनही हे घडले, ही त्यातील लक्षणीय गोष्ट. पुढे व्यायाम करणाऱ्या तरुण घोड्यांवरही तसाच अनुभव आला. लसूणघासातील कॅल्शियम आणि प्रथिने आम्ल शोषून घेतात, आणि त्याच्या चावण्यात लाळ सुटते. स्वार चढण्यापूर्वी वीस-तीस मिनिटे अर्धा किलो वाळलेला, फार बारीक न केलेला लसूणघास घोड्यापुढे टाकला तर तंतूंचा तो थर जठरात तयार होतो आणि उसळणाऱ्या आम्लाच्या वाटेत तो उभा राहतो. सिंचनाची विहीर असलेल्या कोणत्याही शेतकऱ्याच्या बांधावर हे पीक येते. यालाही मर्यादा आहेत: संपूर्ण वैरण लसूणघासाचीच असू नये, आणि दूध तोडलेल्या शिंगरांना त्याचा बारीक कापलेला चारा घातला असता जठराच्या आतड्याकडील मुखाशी इजा झाल्याचे एका जर्मन अभ्यासात दिसून आले आहे. जे गव्हाचा कोंडा मुख्य खुराक म्हणून घालतात त्यांना लसूणघासाचा आणखी एक लाभ आहे. कोंड्यात स्फुरद फार आणि कॅल्शियम अल्प, त्यामुळे हाडे कमकुवत होतात, आणि ही उणीव लसूणघास भरून काढतो.

आम्लशामक क्षारांविषयी फार वेळ घेत नाही. कॅल्शियम कार्बोनेट आणि मॅग्नेशियमयुक्त चूर्णे आम्ल उदासीन करतात यात शंका नाही, परंतु जठर अखंड स्रवणारे असल्यामुळे त्यांचा परिणाम दोनएक तासांत ओसरतो. दिवसातून एकदा चमचाभर घालून दिवसभराच्या संरक्षणाची अपेक्षा करणे निराधार आहे. चंदीबरोबर प्रत्येक वेळी घातली तर त्यांची मदत होते, तीही जेवणाच्या वेळेपुरती. खाण्याचा सोडा घरात असतो म्हणून तोच पाजण्याचा मोह काहींना होतो. शर्यतीच्या नियमांत तो निषिद्ध आहे आणि मोठ्या मात्रेत तो रक्तातील क्षारांचा तोल बिघडवतो. लांबच्या मजलीनंतर मिठाचे तीव्र द्रावण थेट तोंडात भरण्याची जी रीत आहे तिने व्रण वाढल्याचे प्रयोगात आढळले आहे. क्षार द्यावयाचेच तर ते चाऱ्यात किंवा पुरेशा पाण्यात मिसळून द्यावेत.

पेक्टिन आणि लेसिथिन यांच्या मिश्रणाला युरोपात बरीच प्रसिद्धी मिळाली. काही पाहण्यांत ते गुणकारी ठरले. काळजीपूर्वक केलेल्या दुसऱ्या प्रयोगांत त्याने व्रण टळले नाहीत. लडाखात उगवणाऱ्या सी-बकथॉर्न या फळाच्या रसाने जठराच्या वरच्या भागातील व्रणांवर परिणाम झाला नाही. ग्रंथियुक्त भागाला मात्र काही संरक्षण मिळाल्यासारखे दिसले. मक्याच्या तेलाने आम्लाचा स्राव घटतो असे निरोगी घोड्यांत आढळले, तरी उपासाने पाडलेल्या व्रणांवर त्याचा इलाज चालला नाही. या विसंगतींचे कारण असे की, आपण ज्याला एक रोग म्हणतो ते वस्तुतः दोन आहेत. २०१५ साली युरोपातील तज्ज्ञांनी एकमताने ते वेगळे मानले: वरच्या त्वचेसारख्या भागातील व्रण उपवास, दाणा आणि धावपळ यांच्यामुळे पडतात, खालच्या ग्रंथियुक्त भागातील दाह ताणाशी आणि विश्रांतीवाचूनच्या कामाशी अधिक निगडित आहे, आणि वेदनाशामक औषधांच्या, विशेषतः फेनिलब्युटाझोनच्या, अतिवापराशीही. लंगडणाऱ्या घोड्याला आठवडेच्या आठवडे वेदनाशामक देत राहून वर पोटासाठी चूर्ण घालणे, हा उपचार स्वतःशीच विसंगत आहे.

आपल्याकडील औषधींविषयी मला येथे विशेष आस्थेने बोलावयाचे आहे, कारण अश्वशास्त्रकार शालिहोत्राचे नाव ज्या भूमीत साळोतरी या शब्दरूपाने खेड्यापाड्यांपर्यंत पोचले, जेथे नकुलाच्या नावावर अश्वचिकित्सा सांगितली गेली आणि जयदत्ताने अश्ववैद्यक रचले, त्या भूमीतील वनस्पतींची उपेक्षा व्हावी असे मला कधीही वाटणार नाही. परंतु आस्था म्हणजे पुराव्याकडे पाठ फिरवणे नव्हे. कोरफडीचा गर घोड्यांना देऊन ऑस्ट्रेलियात त्याची तुलना ओमेप्रॅझोल या आम्लाचा स्राव रोखणाऱ्या औषधाशी झाली, तेव्हा ओमेप्रॅझोल घेतलेल्या घोड्यांपैकी सुमारे तीन-चतुर्थांशांचे व्रण पूर्ण भरले आणि कोरफड घेतलेल्यांपैकी सुमारे सहांपैकी एकाचेच. निम्म्याहून थोड्या अधिक घोड्यांत काही सुधारणा मात्र झाली. म्हणजे कोरफड निरुपयोगी नाही, पण उपचाराची जागा ती घेऊ शकत नाही. ज्येष्ठमधाने पोटाला थंडावा मिळतो ही आपली जुनी समजूत. तथापि ज्येष्ठमध दीर्घकाळ घेतल्यास माणसांत पोटॅशियम घटते आणि रक्तदाब वाढतो, हे सिद्ध आहे, म्हणून महिनोन्‌महिने त्याचा रतीब लावणे मला उचित वाटत नाही. जवस आपल्या या भागाचे पीक. उकळून शिजवलेल्या जवसाचा बुळबुळीत काढा चंदीत घालण्याची जुनी पद्धत मला निर्दोष आणि हितकर वाटते, कारण उकळल्याने जवसातील विषारी अंशाची भीती जाते आणि त्यातील स्निग्धता पिष्टाचा भार न वाढवता बळ देते. कच्चा जवस भिजवून तसाच घालण्याची रीत मात्र टाळावी. आणखी एक सूचना येथेच करतो: शर्यतीचा घोडा असेल तर कोणतेही वनस्पतिजन्य चूर्ण त्यातील घटक नीट पाहिल्यावाचून देऊ नये, कारण एखाद्या निषिद्ध द्रव्याचा अंश सापडला तर त्याचे परिणाम मालकाला भोगावे लागतात.

आणि आता औषध. ओमेप्रॅझोलची घोड्यांसाठीची पेस्ट अमेरिकेत १९९९ साली मान्यता पावली आणि व्रण भरण्यासाठी किलोमागे चार मिलिग्रॅम, दिवसातून एकदा, चार आठवडे, ही मात्रा रूढ झाली. हे द्रव्य आम्लातच नष्ट होते, म्हणून ते आवरण करून किंवा क्षाराच्या जोडीने द्यावे लागते; माणसांच्या कॅप्सूल फोडून त्यांतील दाणे कुटून चंदीत मिसळणे म्हणजे औषध जठरात पोचताच निकामी करणे होय. ते सकाळी, चंदीपूर्वी, पोट रिकामे असताना द्यावे आणि एकदम बंद करू नये, कारण बंद होताच आम्ल पूर्वीहून जोराने स्रवते. खालच्या भागातील दाहाला एकट्या ओमेप्रॅझोलने पुरेसा उतार पडत नाही. तेथे सुक्राल्फेट किंवा मिसोप्रोस्टॉल यांचा विचार करावा लागतो, आणि गाभण घोडीला मिसोप्रोस्टॉल देणे धोक्याचे आहे. हे सर्व निर्णय पशुवैद्याचे आहेत.

कारण बाहेरून पाहून हा रोग ओळखता येत नाही. चंदी टाकून वैरण खाणे, तंग आवळताना दात काढणे, केस निस्तेज होणे, वरचेवर हलका पोटशूळ उठणे, कामाला नकार देणे, ही सर्व लक्षणे सूचक आहेत, निर्णायक एकही नाही. दात बिघडले तरी आणि जंत झाले तरी हीच दिसतात. निश्चय करावयाचा तर तीन मीटर लांबीची दुर्बीण नाकातून जठरात उतरवून पाहावे लागते. १८८६ साली स्थापन झालेल्या परळच्या मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयाची परंपरा आपल्या राज्यात आहे, आणि नळदुर्गकरांना जवळचे म्हणून उदगीरचे पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. अशा संस्थांनी मराठवाड्यातील घोडेवाल्यांसाठी ठरावीक काळाने दुर्बिणीच्या तपासण्या ठेवाव्यात, अशी माझी जाहीर विनंती आहे.

मला नेहमी विचारला जाणारा प्रश्न असा की, तपासणीची सोय नाही, घोडा अर्धवट खातो, आणि हातात दोन-तीन हजार रुपये आहेत; डबा घ्यावा की न घ्यावा? अशा मालकाला मी सांगेन की, प्रथम दात आणि जंत पाहून घ्या. वैरण दिवसात तीनदा घालत असाल तर पाचदा घाला, आणि शेवटची रात्री उशिरा. दाण्याचा अर्धा भाग कमी करून त्याजागी उकळलेला जवस आणि थोडे तेल द्या, तेलही एकदम न वाढवता हळूहळू. कामाआधी लसूणघास टाका. आठवड्यातून दोन दिवस त्याला खोगीर न चढवता मोकळे सोडा, आणि दुसरा घोडा दृष्टीस पडेल असे ठाण करा, कारण एकलेपणाचा ताण या कळपातल्या प्राण्याला माणसाच्या कल्पनेपलीकडे जाणवतो. या व्यवस्थेनंतर तीन आठवड्यांनी सुधारणा दिसली नाही, तर त्या दोन-तीन हजारांत भर घालून औषधाकडे वळा. आणि पूरक घ्यावयाचेच ठरले तर त्यातील घटक व त्यांची मात्रा डब्यावर स्पष्ट लिहिलेली असावी, आणि ते घोड्यांवर पारखलेले असावे. ज्या डब्यावर केवळ गुणांची यादी आहे आणि मात्रेचा आकडा नाही, तो परत ठेवावा.

अंकलीहून पायी निघून आळंदीला येणारे आणि तेथून ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीबरोबर पंढरीपर्यंत चालणारे मानाचे अश्व रिंगणात धावताना आपण पाहतो तेव्हा त्यांच्या टापांखालची माती कपाळाला लावतो. त्यांच्या वाटेवर जागोजागी पाण्याची आणि वैरणीची सरबराई होते, हे योग्यच आहे. तशीच सरबराई पौषी पौर्णिमेला आपल्या गावी येणाऱ्या प्रत्येक घोड्यासाठी व्हावी, अशी सूचना मी यात्रेच्या व्यवस्थापकांपुढे आणि आपणां सर्वांपुढे ठेवतो. हौद भरलेला असावा, वाळलेल्या गवताची एक गंजी राखीव असावी, आणि लसूणघासाच्या चार पेंढ्या जवळच्या शेतकऱ्याने भंडाऱ्याबरोबर देवाला वाहिल्या तर त्या देवाच्या घोड्यापर्यंत पोचाव्यात. खर्च अल्प आहे, आणि तो उचलण्यास तयार असलेली दोन-तीन मंडळी या सभागृहातच बसलेली मला दिसत आहेत.